बॉनेटमध्ये अडकलेला झेंडूच्या हाराचा दोरा

अहो,

सिग्नलला पेट्रोल वाचवायला इंजिन आपोआप बंद व्हायचं, ते बायकोनं भलतं बटण दाबून बिघडवलं, असं काल तुमच्या अक्कांपुढे ठासून सांगितलंत आणि माझ्या हातातली किल्ली काढून घेतलीत.

सकाळी मी गाडीचं पुस्तक वाचलं. बॉनेट नीट लागलं नसेल तर ही सोय चालतच नाही, असं त्यात लिहिलंय. तुम्ही खुंटीला अडकवलेली किल्ली घेऊन बॉनेट उघडून पाहिलं, तर खंडेनवमीला तुम्ही बांधलेल्या हाराचा दोरा लॉकमध्ये अडकलेला! बायपासवर बॉनेट उडालं असतं, तर तेही माझ्याच माथी मारलं असतंत.

दोरा काढून उणकलच्या सिग्नलपर्यंत जाऊन आले. इंजिन बंद झालं, क्लच दाबताच चालू झालं.

आता गाडी घेऊन धारवाडला आईकडे चाललेय. दोरा टेबलावर ठेवलाय. तो अक्कांना दाखवा, चूक कुणाची ते स्वतःच्या तोंडानं सांगा. त्यांचा फोन आला की परत येईन; तुमचा घेणार नाही.

भाकरी-झुणका झाकून ठेवलाय. तुमच्या पोटाशी माझं वैर नाही.

यापुढे किल्ली माझ्या पर्समध्ये राहील. गाडी हवी असली तर मला विचारायचं. चारचौघांत विचारलंत तरी चालेल.

सुनंदा