बकऱ्याचं पित्त आणि अब्बांचा खोकला

५ नोव्हेंबर २०११, खामगाव

बाटली रिकामी! कॉलेजच्या प्रयोगशाळेत सोडियम डीऑक्सिकोलेटची चिमूटभरही पूड उरली नाही. नवीन मागवायची तर मार्च उजाडेल. पित्तातून काढलेली ही पांढरी पूड माझी लाडकी. न्यूमोनियाच्या जंतूंवर तिच्या पाण्याचा थेंब टाका — अर्ध्या तासात वसाहत गायब! ती नुसती डिवचते, जंतू आपल्याच रसानं विरघळतो. घशातले बाकीचे जंतू मात्र ढिम्म. कितीदा शिकवलं तरी नवल वाटतंच.

६ नोव्हेंबर, वरवट बकाल

ईदसाठी घरी आले तर अब्बा अंथरुणात. ताप, खोकला, बेडका तांबूस. अम्मी म्हणे, "कपाशीवर फवारून आले तवापासून पडले. जहर चढलं." किडीला दाद न देणारं बीटी बियाणं आलं तरी फवारा काही सुटला नाही! अब्बांनी कानाला खडा लावलाय, आता पंपाला हात लावणार नाही. पण खामगावला यायला तयार नाहीत. "जहराले दवाखाना काय करते? सलाईन चालू आहे ना."

मला हे जहर वाटत नाही, न्यूमोनिया वाटतो. पण त्यांना सांगून उपयोग नाही, दाखवावंच लागेल. बेडका घेऊन कॉलेजात गेले, जंतू वाढवायला प्लेटवर लावला, शेवटच्या बसनं परत. पूड कुठून आणू?

७ नोव्हेंबर

ईद. अकीलमामा कुर्बानीच्या बकऱ्याची पित्ताची थैली अलगद काढत होते, फुटली की मटण कडू. मी डबा पुढे केला.

"कलेजी माग बेटा! हे काऊन?"

"अब्बांसाठी."

"पाजून राह्यली का काय त्याहिले?"

पूड पित्तातूनच निघते, मग अख्खं पित्त का नको? आधी कसं सुचलं नाही मला!

८ नोव्हेंबर

कॉलेजात पित्त उकळून गाळलं. प्लेटवर उगवलेल्या काही वसाहतींवर पित्ताचा थेंब, शेजारी नुसतं मीठपाणी. मीठपाण्याखालच्या जशाच्या तशा. पित्ताखाली — काहीच नाही! एकटीच ओरडले. न्यूमोनियाच! मग अब्बा आठवले आणि रडूच आलं.

प्लेट चिकटपट्टीनं बंद करून घरी नेली. न्यूमोनियाचे जंतू पित्ताखाली कसे विरघळले ते अब्बांना दाखवलं.

"म्हणजे जहर नोतं?"

"नव्हतं."

अब्बा उठले. संध्याकाळी खामगावला भरती. एक्सरे बघून डॉक्टरही तेच म्हणाले. इंजेक्शनं सुरू.

१६ नोव्हेंबर

अब्बा घरी. भाकरी मागून घेतली!

२४ नोव्हेंबर

अम्मीचा फोन. अब्बा सकाळीच पंप पाठीला बांधून शेतात गेले. तोंडाला रुमालही नाही. तिनं अडवलं तर म्हणाले, "फवाऱ्यानं काही होत नाही. आयशानं डोयापुढं दाखवलं मले."