शिवन्याच्या कानात

मिरजगाव,
रविवार, २४ ऑगस्ट २०२५

चि. सौ. मोनिकास,

आक्काचा भरभरून आशीर्वाद. पोळा झाला, उडीद काढायला आलाय आणि औंदा विहिरीला पाणी आहे, म्हणून तुझे दाजी खुशीत आहेत. बैल रंगवता रंगवता स्वतःची बंडीही रंगवून घेतली त्यांनी. धुऊन मी मरतेय.

ओंकारच्या कंपनीतला आपला शेजारचा अजिनाथ सुट्टीला आलाय. तो उद्या सुप्याला परततोय, त्याच्याकडे डबा देते. वर अळिवाचे लाडू, खाली डिंकाचे. रोज सकाळी एक खा आणि ओंकारपासून लपवून ठेव, माझा हा भाऊ लहानपणापासून लाडूचोर आहे. हे पत्र मात्र तू एकटीने वाच. फोन केला की आई उचलते आणि स्पीकरवर टाकते, मग सगळ्या सुप्याला ऐकू जातं.

बारसं किती छान झालं गं! तू त्या हिरव्या साडीत बसलीस, मांडीवर ती, आणि मी सारखी बघत होते. सात वर्षं दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवल्यावर हा दिवस आला. ओंकारने मोबाईलमध्ये शोधून एवढं नाव ठेवलं आणि आईला ते म्हणता येईना. 'शिवनी म्हन्ते मी, तिला कळतंय माजं,' म्हणाली. घुगऱ्या कमी पडल्या, पण कुणी नावं ठेवली नाहीत.

गुरुवारी तू म्हणालीस, शिवन्याला सर्दी झाली, अंग कोमट लागतंय आणि आई म्हणते दृष्ट लागली. काल आई म्हणाली, आता ठणठणीत आहे, दूध ओढतेय. देव पावला. पण मधले दोन दिवस मी अन्नाला शिवले नाही. का, ते सांगायलाच लिहायला बसले आणि पान भरून लाडूच वळतेय.

बारशाच्या आदल्या आठवड्यात मोबाईलवर तिकडच्या गाझातली बातमी लागली. एक डॉक्टरीणबाई एका पोरीच्या दंडाला पट्टी गुंडाळत होती. मोनिका, ती माझीच पट्टी! अंगणवाडीत एकोणीस वर्षं मी तीच दंडाचा घेर मोजायची पट्टी गुंडाळतेय. हिरवा म्हणजे पोर धड, पिवळा म्हणजे जपायचं, लाल म्हणजे पोर अन्नावाचून सुकलेलं. ऊसतोडीला गेलेल्यांची पोरं परत आली की मी पहिल्यांदा दंड बघते. लाल आला की त्या घरी ठाण मांडून बसते, तालुक्याला पाठवते, आईशी भांडते. दीड-दोन महिन्यांत पोर हिरव्यावर येतं.

त्या पोरीचा दंड लालच्याही पार खाली गेला होता. आणि त्या बाईच्या हातात पट्टीशिवाय द्यायला काही नव्हतं. पोरीची आई 'सलवा, सलवा' अशी हाक मारत होती. खाली लिहिलं होतं, दुसऱ्या दिवशी पोर गेली. अन्नाच्या गाड्या म्हणे थोड्याच अंतरावर अडवून ठेवल्या होत्या.

मला एवढा संताप आला की ताट सारलं. दाजी म्हणाले, 'आगं, तिकडली लढाई तिकडं. तू कशापायी उपाशी ऱ्हातीस? तुजं जेवन तिला पोचनार हाय व्हय?' खरंच होतं त्यांचं. जेवले मी. दुसऱ्या दिवशी खिचडी शिजवली, पोरांना वाढली, त्यांच्याबरोबर हसलेसुद्धा. पण हाक कानातून जाईना.

मग बारसं. मी पाळण्यात वाकले, मागून बायकांचे धपाटे सुरू झाले, आणि शिवन्याच्या कानाशी तोंड नेलं तर माझ्या तोंडून आधी 'सलवा' गेलं. मग लगेच 'शिवन्या' म्हणाले, तीनदा. गोंगाटात कुणाला कळलं नाही. तुझी भीमाबाई मावशी तेवढी म्हणाली, 'लई येळ कुर्र केलं गं आक्का!' मी हसून वेळ मारून नेली.

सात वर्षांनी आलेल्या तुझ्या लेकीच्या कानात मी गेलेल्या पोरीचं नाव घातलं. आईला कळलं तर ती मला उभी चिरेल. सर्दीचं ऐकलं तेव्हा मलाही वाटलं, आपणच हे ओढवून घेतलं. दंड, वजन, ताप यांवर विश्वास ठेवणारी मी, पण देवापुढे नाक घासून आले.

तुझी क्षमा मागायची म्हणून हे पत्र. पण खोटं कशाला लिहू, 'चुकले' हा शब्द मनापासून येत नाहीये. तुझ्यापासून लपवलं, ते चुकलं. बाकी, ते नाव मला कुठंतरी ठेवायचं होतं. ज्या पोरीला पोटभर दूध आहे, जिच्यासाठी घरदार जागं आहे, तिच्याजवळ ते ठेवावंसं वाटलं. तुझी लेक दचकली नाही. डोळे उघडून माझ्याकडे बघत राहिली.

तू आई आहेस, तुझा शब्द शेवटचा. तुला अभद्र वाटलं तर दुसऱ्या कुणाकडून पुन्हा नाव घालून घे, मी एका शब्दाने रुसणार नाही. बुधवारी गणपती बसतायत. यावं की नाही, तेवढं चिठ्ठीत लिहून अजिनाथजवळ दे, तो तिचा फोटो मला मोबाईलवर पाठवेल.

तुझी,
पंकाआक्का

(दरवेळी खाली 'शिवन्याची आत्या' असंही लिहिते. या वेळी ती जागा मोकळी सोडलीय. तू 'या' म्हणालीस, की तिथे येऊन लिहीन.)