लाल भिंगाचा कॅमेरा

३ ऑगस्ट, रविवार

आजपासून एकही जुना कॅमेरा घरात आणायचा नाही. निर्णय पक्का. संग्रह पुरे झाला, आता काम. पुढच्या खोलीत संग्रहालय मांडायचं, प्रत्येक कॅमेऱ्याचे नीट फोटो काढायचे आणि पेजवर टाकायचे. पेजचं नाव ‘उत्रोली रेट्रो म्युझियम’. मी कॉलेजात प्रयोगशाळा सहायक असल्यामुळे शास्त्रीय शिस्त अंगात आहेच. मंगलला निर्णय सांगितला. ती कणीक मळायची थांबली.

संध्याकाळी. गाडीचं पंक्चर काढायला कापूरहोळला गेलो होतो. पंक्चर उत्रोलीतही काढतात, पण कापूरहोळचा माणूस हाताचा चांगला. त्याच्या शेजारी भिमाचं भंगाराचं दुकान आहे, हा योगायोग. एक फोल्डिंग कॅमेरा आणि एक झाकण नसलेला टेपरेकॉर्डर आणला. विकत घेतला असं म्हणता येणार नाही, भिमाला घरातला जुना मिक्सर दिला.

जेवताना. मिक्सर जुना नव्हता, असं मंगलचं म्हणणं.

५ ऑगस्ट, मंगळवार

फोल्डिंगचं फोटोसेशन. मागे पांढरं बॅकग्राउंड लागतं, म्हणून मंगलला चादर धरून उभं केलं. तिचे हात हलतात. दोन मिनिटं पुतळ्यासारखी उभी राहा म्हटलं तर म्हणाली, अहो, गॅसवर दूध आहे. दूध उतू गेलं. ती पातेलं उतरवायला पळाली आणि परत येऊन चादर धरेपर्यंत मला ताटकळावं लागलं. घरात कोणालाच कलेची कदर नाही.

फोटो मात्र अप्रतिम. डावीकडून, उजवीकडून, आणखी थोडं उजवीकडून. सगळे ठेवलेत. वरच्या कडेला मंगलची बोटं आली आहेत, ती क्रॉप करायची.

नवा फॉलोअर एक. सोफे विकतो.

१० ऑगस्ट, रविवार

मोहीम फत्ते. भिमाने सांगितलं होतं की वेल्ह्याच्या वर धनगरांच्या वस्तीत एका आजींकडे ‘फोटूचा डबा’ आहे. बाइकवरून गेलो. शेवटच्या चढावर बाइकने मला न्यायच्या ऐवजी मी बाइकला नेलं.

ठकुबाई नाव. मेंढ्या आत घेत होत्या. डबा कोयत्याशेजारी खुंटीला टांगलेला. त्यांचे मालक हैबती डोंगर चढायला येणाऱ्या साहेबलोकांची ओझी वाहायचे, त्यातल्या एका साहेबाने खूश होऊन दिलेला. अस्सल बॉक्स कॅमेरा. आणि भिंग चक्क लालसर! असलं मी कुठंच पाहिलं नाही, वाचलंही नाही.

किंमत विचारली. ठकुबाई म्हणाल्या, पैका नको. माझा एक फोटू काढ अन् ने डबा. त्यांचा म्हणे आजवर एकच फोटो आहे, आधार कार्डावरचा. त्यात मी चोरावानी दिसती, म्हणाल्या. अन् म्या गेल्याव पोरं भिताडाला त्योच लावत्याल.

माझ्या हातातल्या मोबाईलकडे बोट करून त्यांनी विचारलं, ह्यानं न्हाई का निघायचा? मी सरळ नकार दिला. असला कॅमेरा समोर असताना मोबाईलने फोटो काढणं म्हणजे कॅमेऱ्याचा अपमान. तुमच्याच कॅमेऱ्याने काढू, माझ्या म्युझियमच्या उद्घाटनाला, दसऱ्याला, असं वचन दिलं. त्या म्हणाल्या, बरं मास्तर, यीन. पर फोटू न्हाई तर डबा बी न्हाई. मी हसलो. ताक दिलं, छान होतं. मी मास्तर नाही हे सांगायचं राहून गेलं.

डबा त्यांनी वचनावर दिला. तो घेऊन निघण्याआधी त्यांना हातात धरायला लावून मोबाईलने डब्याचे भरपूर फोटो घेतले. त्या मान पुढे करत होत्या, त्यांना बाजूला व्हायला सांगितलं.

११ ऑगस्ट, सोमवार

पेजवर टाकलं: ‘अतिदुर्मिळ लाल भिंग, भारतात बहुधा एकच.’ ‘बहुधा’ हा शब्द शास्त्रीय प्रामाणिकपणा म्हणून घातला. शिवानी म्हणाली, पप्पा, भिंगावर काहीतरी सांडलंय. एफवायला आहे, तिला वाटतं तिला सगळं कळतं. पुसायला जात होती, वेळेवर ओरडलो.

१८ ऑगस्ट, सोमवार

दमट हवेने भिंगांना बुरशी धरते. भोरकडच्या पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत तिथे कॅमेऱ्यांचं काय! उपाय सापडला. तांदूळ ओलावा शोषतो, म्हणून चार लहान कॅमेरे तांदळाच्या पिंपात पुरले. मंगलला मुद्दाम सांगितलं नाही, उगाच काळजी करते.

२० ऑगस्ट, बुधवार

शिवानीला भातात स्क्रू सापडला. स्क्रू कोणत्या कॅमेऱ्याचा ते कळत नाही. घरात फार आरडाओरडा झाला. आमच्याकडच्या इंद्रायणी तांदळाला असा वास आजवर आला नव्हता म्हणे.

३१ ऑगस्ट, रविवार

ठकुबाईंच्या फोटोसाठी फिल्मचा रोल मागवला होता, तो आला. हल्ली कंपन्यांवर विश्वास ठेवायची सोय नाही, म्हणून अंगणात स्वच्छ उजेडात रोल शेवटपर्यंत उलगडून बारकाईने तपासला. कुठे ओरखडा नाही, डाग नाही. मन समाधान पावलं.

शिवानी म्हणाली, उजेड लागून सगळा रोल गेला. यूट्यूबवर दाखवलं. मला ते माहीत होतंच. हा रोल सरावाचा होता.

७ सप्टेंबर, रविवार

दुधाच्या टेम्पोवाल्याबरोबर ठकुबाईंचा निरोप आला. मास्तरला इचार, दसऱ्याचं नक्की हाय ना, मी लुगडं काढून ठिवलंया. नक्की आहे, असं कळवलं. अजून भरपूर वेळ आहे. आज टेपरेकॉर्डरचे फोटो काढले. मंगलने चादर धरली, पण तोंड पाडून.

२२ सप्टेंबर, घटस्थापना

मंगलकडे नवरात्राच्या ब्लाउजची रीघ लागली आहे. स्वयंपाकघरात शिलाई मशीन लावलं की फ्रीज उघडत नाही. पुढची खोली द्या म्हणते. मी शांतपणे समजावलं की म्युझियम ही सार्वजनिक गोष्ट आहे. ती म्हणाली, मग पब्लिक कुठं आहे? दसऱ्याला कळेल तिला.

मोबाईल सारखा मेमरी भरली म्हणतो. या नव्या मोबाईलना दम नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

आज इतिहास घडला. दुसरा रोल आला. या खेपेला भर दुपारी दोन गोधड्यांखाली शिरून, घामाने निथळत, चाचपडत ठकुबाईंच्या डब्यात भरला. अगदी बिनचूक. शिवानीनेसुद्धा मान डोलावली. खटका दाबायचा तेवढा बाकी. फोटो येणार, आणि चांगला येणार. आता मला कोणी अडवू शकत नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार, खंडेनवमी

सकाळी. आज बोललोच. दरवर्षी या घरात कोयत्याची पूजा होते, विळीची होते, शिलाई मशीनची होते, पंक्चर झालेल्या बाइकचीसुद्धा होते. माझ्या कॅमेऱ्यांना फुलाची पाकळी नाही. मंगलला म्हटलं, ही माझी शस्त्रं आहेत. कोयत्याला जो मान, तोच यांना मिळाला पाहिजे, तसूभर कमी नको. ती बरं म्हणाली. इतक्या वर्षांनी बायकोने बरं म्हटलं. डोळे भरून आले. कॉलेजात प्रयोगशाळेची पूजा आहे, तिकडे निघालो.

संध्याकाळी.

घरी आलो तर अंगणात चटईवर माझे सगळे कॅमेरे उन्हात वाळत होते. कोयता पूजेआधी धुतात, म्हणून मंगलने हेही धुतले. टपात, साबण लावून, नारळाच्या शेंडीने घासून. फोल्डिंगच्या घड्याघड्यांच्या भात्यातून पाणी ठिबकत होतं. टेपरेकॉर्डरमधून फेस येत होता. गंज चढू नये म्हणून सगळ्यांना खोबरेल तेलही लावलंय. ठकुबाईंचा डबा सताड उघडा, आणि त्यातली फिल्म पोटात राहून कुजेल म्हणून बाहेर काढून कपड्यांच्या दोरीवर, चिमटे लावून, माझ्या बनियनशेजारी.

प्रत्येक भिंगावर हळदकुंकू. प्रत्येकाला झेंडूचं फूल. रांग मात्र सुंदर मांडली होती. मंगलने विचारलं, कोयत्यापेक्षा काही कमी राहिलं का? खरोखरच काही कमी नव्हतं.

आणखी एक. लाल भिंग धुतल्यावर पांढरं झालं. मंगल म्हणते ते कुंकू होतं, वर्षानुवर्षांचं. ती आजी दर खंडेनवमीला लावत असणार. मंगलने नवं लावलं आहे, त्यामुळे भिंग पुन्हा लाल आहे. पेजवरची पोस्ट तूर्त राहू द्यावी.

२ ऑक्टोबर, दसरा

उद्घाटन झालं. मंगल, शिवानी आणि ठकुबाई एवढी गर्दी. सोफेवाला आला नाही.

ठकुबाई पहाटे निघून दोन एसट्या बदलून आल्या. हिरवं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू. दारात वहाणा काढल्या, कॅमेऱ्यांच्या रांगेसमोर वाकून नमस्कार केला, एकेकाला आपट्याचं पान वाहिलं. म्हणाल्या, लई झ्याक मांडलंय. म्युझियमबद्दल इतकं मनापासून आजवर कोणी बोललं नव्हतं.

मग खुर्चीत ताठ बसल्या. मंगलने त्यांचा पदर सारखा केला. मी डबा उचलला, खटका दाबला. आतून थोडं पाणी आलं. ठकुबाई डोळे न मिटता बसूनच राहिल्या. जरा वेळाने विचारलं, निघाला का? मी फिल्म, रसायन, उजेड हे सगळं सोप्या भाषेत समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, म्हंजे न्हाई निघाला.

फार वाईट वाटलं. हे खोटं लिहिणार नाही.

मंगलने शिवानीला नुसती मान हलवून खूण केली. शिवानी त्यांना ओट्यावर घेऊन गेली, काहीतरी बोलली, ठकुबाईंनी तोंडावर पदर धरला, आणि पदर खाली आला त्या क्षणी शिवानीने आपल्या मोबाईलवर टिपलं. झालं. ठकुबाईंनी पडद्यावर स्वतःला पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, अगं, ही तर माझ्या आईवानी दिसती. फोटोत प्रकाश जरा एका बाजूने जास्त आहे, पण मी बोललो नाही.

चहा झाल्यावर म्हणाल्या, मास्तर, डबा. मी म्हटलं, आजी, फोटो तर निघाला. त्या म्हणाल्या, निघाला, पर तुमी न्हाई काढला, अन् डब्यानं बी न्हाई. बोलल्यापरमानं द्या. मी मंगलकडे पाहिलं. तिने डबा कधीच नव्या ब्लाउजपीसमध्ये गुंडाळून ठेवला होता.

दुपारी भोरच्या स्टँडवर त्यांना सोडायला गेलो. त्या खिडकीशी बसल्या. डबा मांडीवर, ब्लाउजपीस बाजूला सरकलेला, लाल भिंग बाहेर, केसात कोणीतरी खोवलेला झेंडू, आणि माझ्याकडे बघून हसत होत्या. आयुष्यात एकदाच दिसतो असा फोटो. मोबाईल काढला. पडद्यावर: जागा शिल्लक नाही, काहीतरी डिलीट करा.

उघडून बसलो. फोल्डिंग डावीकडून. हा चांगला आहे. फोल्डिंग उजवीकडून. हा तर ठेवलाच पाहिजे. आणखी थोडं उजवीकडून. यात भाता जास्त छान दिसतो. कंडक्टरने बेल मारली. टेपरेकॉर्डर झाकणाशिवाय. टेपरेकॉर्डर जवळून. एसटी हलली. ठकुबाईंनी हात केला. मी मान वर केली तेव्हा स्टँडवर नुसता धूर होता.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

पुढच्या खोलीत शिलाई मशीन आलं आहे. तात्पुरतं. कॅमेरे पोत्यात घालून माळ्यावर ठेवले, तिथे हवा कोरडी असते. शिवानी ठकुबाईंच्या फोटोची प्रिंट काढायला भोरला गेली आहे. फ्रेमसुद्धा करणार म्हणते.

मंगलने सुईत दोरा ओवता ओवता विचारलं, अहो, माझा एखादा चांगला फोटो आहे का हो तुमच्याकडे? आधार कार्डावरचा नको. मी म्हटलं, म्हणजे काय! मोबाईलमध्ये जागा राहिली नाही इतके फोटो आहेत. लगेच शोधायला बसलो.

फोल्डिंग डावीकडून. फोल्डिंग उजवीकडून. वेल्ह्याचा डबा, त्याला धरलेले ठकुबाईंचे दोन हात, मनगटापर्यंत. टेपरेकॉर्डर. सगळ्या चादरींच्या वरच्या कडेला मंगलची बोटं. क्रॉप करायची राहूनच गेली होती. ५ ऑगस्टच्या पहिल्या फोटोंत बोटं नुसती आहेत. त्याच दिवशी दूध उतू गेल्यानंतरच्या सगळ्या फोटोंत एका बोटाला पट्टी. दूध उतरवताना भाजलं असणार. तेव्हा मी विचारलं नव्हतं.

मशीन थांबवून मंगलने विचारलं, सापडला का?

शोधतोय म्हणालो. अजून शोधतोय.