युरियाच्या बाजूचा ऊस

१२ डिसेंबर १९८५
वहाळाकडच्या भाताच्या कुणग्यात आज उसाची कांडी लावली. गाळायला नाही, गुरांना घालायला. उन्हाळ्यात पेंढ्याशिवाय त्यांच्यापुढे टाकायला काही नसतं, त्यावर ह्यांनी काढलेला उपाय. गिरणी बंद पडून मुंबईहून आल्यापासून आज पहिल्यांदा ह्यांना शीळ घालताना ऐकलं. मामंजींना युरिया नको. "गोठ्यातलं शेण काय संपलं?" शेवटी वाटणी झाली. वरची बाजू मामंजींची, शेणखत नि गिरीपुष्पाचा पाला. खालची ह्यांची, युरिया.

२ मार्च १९८६
खालची बाजू काळीशार हिरवी, पातं नुसतं तुकतुकीत. वरची पोपटी, बुटकी. मामंजी रोज बांधावर उभे राहून बघून येतात.
मुलांच्या वह्या तपासायच्या राहिल्या.

२३ मार्च
वरचा थोडा कापून तांबडी गाईला घातला. मामंजी स्वतः बारीक तोडून पुढे करत होते. सासूबाई गेल्या त्या वर्षी ही एवढीशी होती, आई मेलेली. मामंजींनी बाटलीने दूध पाजून जगवली. आता तिचीच पाडी दावणीला आहे. संध्याकाळी दूध जास्त वाटलं. की मनाचे खेळ?

१८ एप्रिल
वहाळ आटत आला. ऊस मलूल. ह्यांनी उरलंसुरलं पाणी खालच्या बाजूला फिरवून पुन्हा युरिया दिला. जेवताना म्हणाले, "आबा, खालचा इतक्यात कापू नका हां. खत ताजं आहे, गुराला बाधतं. वरचाच घाला." मामंजी ताक भुरकत होते. मान हलवली.

२९ एप्रिल
तांबडी गेली.
सकाळची शाळा सुटून आले तर गोठ्यात पडलेली. अंग थरथरतंय, श्वास भात्यासारखा, तोंडाला फेस. हिरड्या मातकट. शेजारच्या दत्तूभावजींना पालीला गुरांच्या डॉक्टरांकडे पिटाळलं. हे कालपासून रत्नागिरीत होते, वाटेत डॉक्टरांच्याच गाडीत बसून आले. तोवर संपलं होतं.
डॉक्टरांनी सुईने रक्त काढून दाखवलं. काथाच्या पाण्यासारखं तपकिरी. "युरियाचा ऊस घातला होता? आधी पाण्याचा ताण, त्यात हे मळभ. विष साठतं त्यात."
मी मामंजींकडे बघितलं. हातात कोयती तशीच. गव्हाणीत खालच्या बाजूची काळीशार हिरवी पाती.
ह्यांनी पण बघितलं. मग म्हणाले, "हो. मीच तोडून ठेवला होता."

३० एप्रिल
कातळ लागत होता, खड्डा पुरेसा खोल होईना. हे नि भावजी दुपारपर्यंत खणत होते.
विहिरीवर हात धुताना विचारलं, "खोटं का बोललात? तुम्ही इथं नव्हतात."
"आबांकडे एवढंच राहिलंय गं. गुरांतलं आपल्याला कळतं, एवढंच. मी मुंबईवाला. मला नाही कळलं तरी चालतं."

६ मे
चार माणसं ओटीवर बसलेली. कुणीतरी म्हणालं, गिरणीत साच्यावर काम करणाऱ्याला शेती काय कळणार. हे आत पाणी पीत होते, ऐकलं असणार. मामंजी म्हणाले, "मी आधीच नको म्हटलं होतं युरिया."
हे बाहेर आलेच नाहीत.
खरं काय ते माझ्या ओठांवर आलं होतं. गिळलं.
पाडी हंबरते. पेंढा हुंगून सोडून देते.

१९ मे
हे मुंबईला गेले. ओळखीच्या माणसाने गोदामावर रखवालीचं काम बघितलंय. "पाऊस लागला की बघू" एवढंच म्हणाले. येतो म्हणाले नाहीत. मामंजी देवघरात बसून राहिले, बाहेर आले नाहीत. हे उंबऱ्याशीच नमस्कार करून निघाले.
पालीच्या स्टँडवर गाडीत चढताना मला म्हणाले, "खालच्या उसाला आबांना हात लावू देऊ नकोस. पण सांगायचं नाही काही. तूच जात जा चाऱ्याला."

२७ मे
ऊस तसाच उभा. मी बांधापर्यंत जाते आणि परत येते. पाडी आता थोडं खाते.

संध्याकाळी तांदूळ निवडत होते. मामंजी समोर येऊन बसले.
"सदून मला सांगितलान होतान, नाय? कापू नका म्हणून."
मी मान खाली घालून खडे वेचत राहिले.
"वरचा पिवळा पडलेला. तिच्यापुढं टाकणार काय? नि खालचा येवढा हिरवागार..." धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं. "तो तर रत्नागिरीत होता त्या दिशी. मग मीच केलं म्हणालान कशाला?"
कारण मला ठाऊक आहे. ते मामंजींच्या तोंडावर कसं सांगू?
"आले की तुम्हीच विचारा त्यांना," म्हटलं.
उठले. गोठ्याच्या दाराशी जाऊन पुन्हा वळले.
"येल ना गो तो?"