कॉइल चांगली होती

प्रिय भाऊजी,

तुमची कॉइल चांगली होती. हे आधी लिहिलं नाही तर पुढचं काही लिहिता यायचं नाही, म्हणून ते पहिलं. काल मी स्वतः ठिणगी पाहिली. निळी, टक् टक् वाजणारी. तुम्ही ह्यांच्या गाडीसाठी आपल्या सुट्या भागांच्या दुकानातल्या फळीवरून काढून, पुसून दिलेल्या त्याच कॉइलवर.

हे गेले त्याला पाच महिने होतील. गाडी मागच्या पत्र्याच्या शेडमध्येच आहे. सांगाडा एका गाडीचा, इंजिन दुसरीचं आणि दारं आपल्या जुन्या लोखंडी कपाटाची. ती पहिल्यांदा पाहून तुम्ही म्हणाला होतात, "दादा, ह्यात बसायचं की कपडे ठेवायचे?" हे इतके हसले की हातातला पाना पडला. तुम्हा दोघा भावांना एकत्र हसताना मी पाहिलं ते तेवढंच शेवटचं. इंजिन जोडून झालं आणि ठिणगी काही पडेना. ह्यांनी प्लग बदलले, वायरी बदलल्या, बॅटरी चार्ज करून आणली. किल्ली फिरवली की इंजिन नुसतं घरघरायचं. कॉइल मात्र हाताला चटका बसेल इतकी तापायची. तेवढा पुरावा ह्यांना पुरला. "फुकट दिलीस ना, म्हणून जळकी दिलीस," असं ह्यांनी तुम्हाला गिऱ्हाइकांदेखत ऐकवलं. तुम्ही म्हणालात, "दुसरी लावून बघ, मग बोल." पण सांगितलेलं ऐकतील तर ते हे कसले! तुमच्या दुकानाची पायरी पुन्हा चढले नाहीत, आणि मग आजारपणानं शेडचीही वाट बंद केली.

दवाखान्यात तुम्ही आलात तेव्हा ह्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. तुम्ही खुर्चीची पाठ धरून बराच वेळ उभे होतात. मग फळांची पिशवी खाली ठेवलीत आणि गेलात. मी जिन्यापर्यंतसुद्धा आले नाही. त्यानंतर अकरा दिवसांनी सगळं संपलं.

माझी शाळा चौथीत सुटली, पण शिवायला आलेलं कापड ज्या कागदात गुंडाळलेलं असतं तोही मी वाचल्याशिवाय टाकत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. घरात न वाचलेलं एकच पुस्तक उरलं होतं, ह्यांचं गाडीदुरुस्तीचं. दिवस काही केल्या सरत नव्हते, तेव्हा ते काढलं. दोनदा घरात वाचलं, तिसऱ्यांदा शेडमध्ये नेऊन, इंजिनावर उघडं ठेवून वाचलं. कॉइलकडून डिस्ट्रिब्युटरकडे बारीक वायर जाते, तिथे छोट्या दिव्याची एक तार लावली, दुसरी गाडीच्या अंगाला. किल्ली चालू ठेवून इंजिन हातानं फिरवलं की दिवा लागायला-विझायला हवा, कारण डिस्ट्रिब्युटरच्या आत पॉइंटची उघडझाप होत असते. ते उघडून करंट तुटतो तेव्हाच ठिणगी पडते. माझा दिवा एकदाही लागला नाही. पॉइंटच्या मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा घातला, तरी नाही. डिस्ट्रिब्युटरपासून वायर सोडवून धरली, तर लख्ख लागला. म्हणजे करंट कधी तुटतच नव्हता, आतल्या आत गाडीच्या अंगाला जाऊन मिळत होता. त्यानंच कॉइल तापत होती. पॉइंट खोलले. स्प्रिंगखाली करंट अंगाला लागू न देणारा फायबरचा एक वॉशर असतो, शर्टाच्या बटणाहून लहान. तो तिथे नव्हता. वॉशर घातला, प्लग इंजिनाला टेकवून किल्ली फिरवली, आणि ठिणगी पडली.

ते पॉइंट मी बसवले होते, भाऊजी. ह्यांचे हात तेव्हाच कापायला लागले होते. ते तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं. "सुईत दोरा ओवणारीला हे काय जड आहे?" असं म्हणून माझ्याकडून करून घेतलं. पुढे गाडीतली एकेक गोष्ट ह्यांनी चार-चारदा खोलली, तेवढी एक सोडून. मी म्हटलं होतं, तेही बघून घ्या. तर म्हणाले, "तुझ्या हातचं आहे, त्यात काय बघायचं?" भावाच्या हातचं खोटं ठरवलं, आणि माझ्या हातच्यावर एवढा विश्वास.

एवढ्यावर थांबले तर तुम्ही म्हणाल, वहिनी, चूक कोणाच्याही हातून होते. पण तुमच्या धंद्यातल्या माणसाला हाही प्रश्न पडेल, की इतक्या जुन्या इंजिनाचा वॉशर हिनं आणला कुठून. तो माझ्या बटणांच्या डब्यात होता. पॉइंट बसवून झाल्यावर बशीत तो एक उरला, मी पाहिला. विचारायला तोंड उघडलं तेवढ्यात हे म्हणाले, "बघ, माझ्याहून सुबक झालं." मग विचारवलं नाही. जादाचा असेल, अशी मनाची समजूत घातली. तुमच्या दुकानात हे वाटेल ते बोलले तेव्हा तो डब्यात होता. आणि ह्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं तेव्हा मी खाटेच्या उशाशी उभी होते, आणि मला तो आठवला होता. नुसतं म्हटलं असतं, की अहो, माझ्याकडे एक वॉशर उरला होता, तरी ह्यांना सगळं कळलं असतं. तोंड इकडे वळलं असतं. पुढचे अकरा दिवस हातात होते. मी ह्यांची उशी सारखी केली. हे पत्र माफीसाठी नाही. तुमची माफी ज्यांनी मागायची होती ते गेले, आणि ती त्यांना मागू दिली नाही ती मी. तुमच्यावरचा आळ तेवढा उतरवायचा होता. तो ज्यांच्या मनातून उतरायला हवा होता, त्यांच्यापर्यंत आता माझं काही पोचत नाही.

अजून तसं म्हणवत असेल तर,
तुमचीच वहिनी