या रविवारी नागावला ये

चौल

प्रिय अजेय,

फोन तू उचलत नाहीस, मेसेजला नुसता अंगठा पाठवतोस, म्हणून हे पत्र. पोस्टमनला तरी दार उघडशील. भाऊ माझे सासरे असले तरी आधी तुझे वडील, तेव्हा पहिल्यांदा त्यांचं. बरे आहेत म्हणायचं. वाडीत सुपाऱ्या सोलायला बायका येतात, त्यांच्याजवळ पडवीत बसून राहतात, जेवण निम्मं टाकतात. अनीश गेला त्याला चार महिने झाले, आणि उरलेला एक मुलगा तेराव्यानंतर घराकडे का फिरकला नाही, हे ते मला विचारत नाहीत. विचारलं तर काय सांगू, तेच मला कळत नाही.

सईबद्दल लिहिते. शाळेतून आली की दप्तर न काढता आधी भाऊंच्या नाकाखाली बोट धरते, मग माझ्या. बोटाला श्वास लागला की आत जाते. माझ्याशी कामापुरतं बोलते. शाळेची सहल आहे म्हटलं तर विचारते, मला पाठवून तुम्ही इथे काय करणार आहात. नऊ वर्षांची पोर रे. मी अगदी मेटाकुटीला आलेय.

नागावला श्रद्धाबाई म्हणून शिक्षिका आहेत. त्यांचा भाऊ लहानपणी समुद्रात गेला. ज्यांच्या घरातलं माणूस गेलंय अशा मुलांना त्या दर रविवारी घरी जमवतात. उपदेश कुणी करत नाही. मुलंच एकमेकांशी बोलतात, खेळतात, आम्ही आया आत स्वयंपाकघरात. सईला मी ओढतच नेलं. दोन रविवार भिंतीकडे तोंड करून बसली. तिसऱ्या रविवारी पेणकडची चौदा वर्षांची अमिषा तिला सरळ म्हणाली, "माजा बापूस ट्रेलरवर डायवर व्हता, त्यावरच मेला. मी त्याचा तोंड बगला. तू बगलास का?" आणि सई चार महिन्यांत पहिल्यांदा घडाघडा बोलली. काका मला सकाळी गाडीवर बसवून बोर्लीला कोकिळामावशीकडे घेऊन गेला, म्हणाला, बाबा कामासाठी मुंबईला गेलाय. आगरदांड्याच्या बोटीत अंगावर पाणी उडालं तेव्हा मी हसत होते. बाबा मेला होता आणि मी हसत होते. तेराव्या दिवशी परत आणलं तर भिंतीवर फोटो. अमिषा म्हणाली, "तुजा काका वायट हाय." बाकीच्या पोरांनी माना डोलावल्या.

मी दाराआड कोकम सरबत ढवळत होते. ढवळतच राहिले.

पहाटे दवाखान्यातून अनीशची बातमी घेऊन तू आलास, तेव्हा तू म्हणाला होतास, वहिनी, तिला बघू दे, तिचा बाप आहे. मी तुझे हात धरले. काहीही सांग, पण ती उठायच्या आत ठरव आणि तिला इथून ने, म्हटलं. मला वाटलं, लहान आहे, विसरेल. परत आल्यावर ती किंचाळत जाब विचारायला लागली, तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणाले, काकाने नेलं, त्याला विचार. सगळं खापर तुझ्यावर फोडलं. तू उंबऱ्यात उभा होतास. चप्पल घातलीस आणि पुण्याला निघून गेलास. मला लाज वाटते अजेय, तुझी क्षमा कोणत्या तोंडाने मागू.

काल मी सईला खरं सांगितलं. खोटं माझं होतं, काका नको म्हणत होता. वाटलं, ओरडेल, ताट फेकेल. तिने नुसतं विचारलं, "बाबाला जाळलं तेव्हा त्याला भाजलं का?" मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "तुला काय माहीत? तू तिथे नव्हतीस." नव्हतेच. आम्हा बायकांना वाडीच्या फाटकापर्यंतसुद्धा जाऊ दिलं नाही. तिथे तू होतास, अग्नी तू दिलास. माझ्या तोंडचं आता ती काहीच खरं धरणार नाही. मला काय बोलायचं ते नंतर बोल, पण या रविवारी नागावला ये आणि तिला सांग.

तुझीच,
वहिनी