च्या उकयी ऱ्हायना

प्रिय भरत,

तू ग्रुप सोडल्याचं मोबाइलने एका ओळीत कळवलं. संस्कृतात याला प्रस्थान म्हणतात, पण त्याआधी निदान निरोप घेतात.

इकडे कारखान्यात उसाचं गळीत जोरात आहे. दुपारी मळीचा गोड-आंबूस वास ऑफिसभर पसरतो, पंखा फिरतो की आपण तेच कळत नाही, आणि त्या गुंगीत जुनं काहीबाही तरंगत वर येतं. ईमेल आला तेव्हाचं आठवतं? साहेबांनी सक्ती केली, तर आपल्या शिपाई कौसाबाई प्रत्येक ईमेल छापून, आवक शिक्का मारून, टेबलाटेबलावर सह्या घेत हिंडायच्या. मग व्हॉट्सॲप ग्रुप आला. त्यात साहेबांची परिपत्रकं आणि खाली आमचे जोडलेले हात. लिहायचं तर शुद्ध मराठीत, या धाकाने सगळे मुके.

आणि एका दुपारी तुझा अंगठा चुकला. चहा उकळतोय म्हणून वजनकाट्यावरच्या चुडामणला पाठवायची, मोबाइलमध्ये बोलून भरलेली हाक तू सबंध ग्रुपवर सोडलीस : "च्या उकयी ऱ्हायना रे भो! ये लवकर, नहीते थंडा व्हई जाई!" तू कपाळाला हात लावून बसलास, तर दारात साहेब उभे : "मन्हा कप कोठे शे?" झालं! कारखान्याला कंठ फुटला. काट्यावरून, यार्डातून, लॅबमधून अहिराणी वाहू लागली. शुद्धलेखनाचा पहारेकरी मी, मीसुद्धा "हाव रे भो" म्हणू लागलो. ग्रुप वापरायच्या प्रशिक्षणाच्या बैठकांना जमलं नाही ते तुझ्या चुकीने केलं.

व्याकरणात संबोधनाला कारकांत जागा नाही. हाकेवाचून वाक्याचं अडत नाही म्हणे. व्याकरणकार चारचा चहा घेत नसावेत.

घशाच्या ऑपरेशननंतर तुझा आवाज परत येणार नाही, हे कामिनीवहिनींनी सांगितलं. बोलक्या ग्रुपात मुक्याचं काय काम, म्हणून तू गेलास आणि आता राजीनामा देतो आहेस, हेही. पण एक गोष्ट तुला ठाऊक नाही. रोज चारला चुडामण मोबाइलवर तुझी ती जुनी हाक मोठ्याने लावतो. मग यार्डातला कुणी, मग लॅबमधला. धुरातून ती अशी येते की वाटतं, तूच चहूकडून चालत येतो आहेस. ती ऐकल्याशिवाय कौसाबाई कप भरत नाहीत. राजीनामा ईमेलने पाठवू नकोस. कौसाबाई तो छापणार नाहीत म्हणे. सोमवारी चारला ये. हाक आम्ही मारू, तुझ्याच आवाजात. ओ द्यायची गरज नाही, नुसता ये.

तुझाच, कप रिकामा धरून बसलेला,
उमाकांत